दिवंगतांची नाडी

नाटकाच्या जगात त्यांना सगळे 'दिवंगत' म्हणत. तोंडावर म्हणत आणि अगदी आदराने म्हणत. "दिवंगत, चहा घेणार?" "दिवंगत आलेत का बघा जरा." "दिवंगतांना खुर्ची द्या, त्यांचे गुडघे दुखतात." कंपनीत नव्याने आलेला माणूस हे ऐकून सुरुवातीला भेदरायचा, मग तोही म्हणायला लागायचा. खुद्द दिवंगतांना त्याचं काही वाटत नसे. सुताराला लोक सुतार म्हणतात, आपल्याला दिवंगत म्हणतात, त्यात रागवायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

तशी त्यांची चूक काहीच नव्हती. चूक असलीच तर चेहऱ्याची होती. पंचविशीतच तो निवृत्तीला टेकलेल्या माणसाचा झाला होता. केस मागे सरकलेले, डोळ्यांखाली पिशव्या, आणि बघणाऱ्याला उगीचच वाटावं की या गृहस्थांना नुकतीच काहीतरी वाईट बातमी कळली आहे. सकाळी दाढी करताना आरशात बघून ते स्वतःच कधी कधी दचकत आणि विचारत, "काय झालं?"

त्या वेळी ते टाइपरायटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. एक दिवस एका नाटक कंपनीचा दिग्दर्शक अडकलेलं मशीन घेऊन आला. मशीन काउंटरवर ठेवता ठेवता त्याची नजर यांच्या चेहऱ्यावर गेली आणि तो मशीन विसरला.

"नाटकात काम कराल का?" त्याने विचारलं. "मोठं नाही. पहिल्या अंकात मरायचंय."

"मरतो की," हे म्हणाले. नाटकाची हौस होती अशातला भाग नाही. त्यांना कोणाला नाही म्हणताच येत नसे. हा त्यांचा जन्माचा आजार होता, आणि त्यांचं पुढचं सगळं आयुष्य याच आजाराने घडवलं.

तालमीत मात्र पंचाईत झाली. हे छाती धरायचे, 'आ' करायचे आणि सांभाळून, कोपर न लागेल अशा बेताने खाली बसायचे. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही मेल्यासारखे वाटत नाही, लाजल्यासारखे वाटता!"

घरी येऊन त्यांनी हे आईला सांगितलं. आता या आईची ओळख करून द्यायला हवी. ती सरकारी इस्पितळात नर्स होती. सगळी गल्ली तिला 'सिस्टर' म्हणायची, आणि सवय अशी की तिचा नवराही तिला सिस्टरच म्हणायचा. मुलाचं ऐकून ती आधी पोट धरून हसली. मग तिने कणीक मळलेले हात धुतले आणि म्हणाली, "चल, उभा राहा. मर बघू."

तो मेला.

"शी!" सिस्टर म्हणाली. "असं कोणी मरतं का? अरे, कळ आली की माणसाला आधी ते पटतच नाही. तो इकडेतिकडे बघतो, कोणी बघितलं तर नाही ना म्हणून. मग शर्टाची गुंडी सोडायला जातो. ओरडत-बिरडत कोणी नाही. ओरडायला वेळ असता तर मेला कशाला असता? हं, परत."

तो आठवडाभर रोज ओटा आणि कपाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मरत होता. वडील तिथेच टेबलाशी पेपर वाचत बसलेले असत. मुलगा कोसळायला लागला की ते पेपरातून नजर न काढता पाय वर घेत, आणि तो उठला की खाली सोडत.

पहिल्या प्रयोगाला त्यांनी शर्टाची गुंडी सोडली आणि नाट्यगृह चिडीचूप झालं. ते इतके हुबेहूब गेले की कोणा भल्या प्रेक्षकाने बाहेर धावत जाऊन फोन केला, आणि दुसरा अंक सुरू व्हायच्या आत दोन माणसं स्ट्रेचर घेऊन विंगेत हजर झाली. "पेशंट कुठाय?" त्यांनी विचारलं. पेशंट कोपऱ्यात पाणी पीत उभा होता. त्याने समजावून सांगायला हवं होतं. पण ती माणसं धापा टाकत इतक्या लांबून आली होती, त्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? तो गुपचूप स्ट्रेचरवर आडवा झाला.

वॉर्डात त्या दिवशी सिस्टरचीच ड्यूटी होती. तिने चादर बाजूला केली, रंग लावलेला आपला मुलगा बघितला, आणि एका अक्षराने काही न विचारता त्याचं मनगट धरलं. छातीवरच्या घड्याळात बघितलं. "आहे," ती म्हणाली. आणि मग, "ऊठ. घरी जाऊन भात लाव, मला यायला उशीर होईल."

त्या दिवसापासून रिवाजच पडला. मुलाच्या प्रत्येक नाटकाला सिस्टर यायची, तो गेला की विंगेत जायची, दोन बोटांनी नाडी बघायची, "आहे" म्हणायची आणि घरी जायची. पुढचं नाटक ती कधी बघत नसे. ज्यात आपला मुलगा नाही ते बघायचं कशाला, असा तिचा रोखठोक सवाल होता.

मग काय, दिवंगतांचं नाव झालं. कोणालाही बाप, काका, सासरा, मालक मारायचा असला की लोक त्यांच्याकडे यायचे. टाइपरायटरचं दुकान सुटलं. जिन्यावरून पडून, विषाने, गोळीने, धक्क्याने, नुसतं म्हातारपणाने, असे ते गावोगाव मेले. सिनेमात त्यांना त्याहून घाई असे. तिथे नावं पडायच्या आत आटपावं लागायचं. त्यामुळे गंमत अशी की त्यांना स्वतःच्याच सिनेमात स्वतःचं नाव वाचायला मिळत नसे. ते पडद्यावर यायच्या आत हे गेलेले असत. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एका मुलीने त्यांना दोन नाटकांत आणि एका सिनेमात मेलेलं बघितलं होतं. तरी तिने लग्नाला होकार दिला, यातच तिचा स्वभाव काय तो ओळखावा.

पुढे काळ बदलला. लेखकांना दम निघेना. बापाने पहिल्या अंकात मरायचं म्हणजे अर्धा तास फुकट, म्हणून त्यांनी बापाला पडदा उघडायच्या आधीच उरकायला सुरुवात केली. भिंतीवर फक्त त्याचा फोटो. आणि फोटो कोणाचा? दुसऱ्या कोणाचा चालतच नसे. दुसऱ्या कोणाचा फोटो लावला की प्रेक्षकांना वाटायचं, हे गृहस्थ बाहेरगावी गेले असतील. दिवंगतांचा लावला की शंकेला जागा नसे.

एखादा नट या अपमानाने खचला असता. दिवंगत खचले नाहीत. त्यांनी हे कामही मनापासून घेतलं, नको तितकं मनापासून. फोटो काढायला बोलावलं की आधी सगळं नाटक वाचायला मागायचे. मग फोटोग्राफरसमोर बसून विचारायचे, "मी कशाने गेलोय?"

"अहो, काय फरक पडतो? इकडे बघा."

"वा! फरक कसा नाही? दुखणं काढून गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ते आधीच दिसायला लागलेलं असतं. अपघातात गेलेल्याला कशाचा पत्ता नसतो. तो फोटोत नुसता जेवून उठल्यासारखा दिसला पाहिजे. आणि थोरल्या मुलाशी माझं भांडण होतं का? मग मला जरा डावीकडे बघू द्या, तो दार उघडून येतो ते डावीकडून."

फोटोग्राफर त्यांच्यापुढे हात टेकत. पण फोटो निघाला की मान्य करत, हा माणूस काही औरच आहे.

इकडे घरात वेगळंच घडत होतं. दिवंगतांचे वडील वारले. खरेखुरे वारले. रेडिओवर काहीतरी विनोदी चाललं होतं, ते हसत होते, आणि हसता हसताच गेले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं नाही, गुंडी सोडली नाही. सिस्टरने आयुष्यभर जी मरणं बघितली त्यांतल्या एकासारखंही हे नव्हतं. ती त्यांचं मनगट धरून बसून राहिली, आणि या वेळी तिला तो एक शब्द म्हणता आला नाही.

त्यानंतर ती बदलली. निवृत्त झालीच होती. आता दिवसभर टीव्हीसमोर बसायची, आणि टीव्हीवर कुठल्या ना कुठल्या चॅनेलला तिचा मुलगा मरतच असायचा, नाहीतर भिंतीवर असायचा. ती हमसून हमसून रडायची.

"आई, अगं मी इथे बसलोय," दिवंगत शेजारून म्हणायचे.

"तू गप बस. मला रडू दे."

"पण मी जिवंत आहे ना!"

"इथे आहेस. तिथे नाहीस," ती पडद्याकडे बोट दाखवायची. मग डोळे पुसून त्यांची नाडी बघायची, पण "आहे" पूर्वीसारखं ठणठणीत म्हणायची नाही. एक दिवस ती म्हणाली, "मरायला तुला मीच शिकवलं. चुकलंच माझं. आता ऐक. माझे काही फार दिवस राहिले नाहीत. मी जायच्या आधी मला एकदा तुला शेवटपर्यंत जिवंत बघायचंय. पडदा पडेल तेव्हा तू उभा पाहिजेस."

दिवंगत तिलाही नाही म्हणू शकले नाहीत. "दाखवतो की," म्हणाले.

म्हणायला सोपं होतं. ते दारोदार हिंडून जिवंत माणसाचं काम मागू लागले. एका नाटकात मिळालंही, पोस्टमनचं. दारात यायचं, पार्सल द्यायचं, सही घ्यायची, जायचं. दिवंगत दारात आले आणि प्रेक्षकांनी श्वास रोखला. त्यांनी पार्सल दिलं, आणि बायकांनी रुमाल काढले. सहीसाठी ते खिशात पेन शोधू लागले, तेव्हा पहिल्या रांगेतला एकजण अर्धवट उठलाच. आणि ते धडधाकट निघून गेले! पुढचा अख्खा अंक नाटकाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे दाराकडे बघत होते. शेवटी मागून एकजण ओरडला, "अहो, पोस्टमनचं काय झालं?" दुसऱ्या दिवशी ते काम दुसऱ्याला गेलं.

"दिवंगत, वाईट वाटून घेऊ नका," दिग्दर्शक म्हणाला. हा तोच, टाइपरायटरवाला. तोही आता म्हातारा झाला होता. "तुम्ही जिवंत असलात की लोकांच्या जिवाला घोर लागतो. माझ्या नव्या नाटकात या. फोटो आहे, पण काय फोटो आहे! तिन्ही अंक तुमच्याभोवती. बाप गेलाय, घर विकायचंय, बायको आणि दोन मुलं तुमच्या फोटोखाली भांडतायत. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत तुम्ही स्टेजवर."

दिवंगतांच्या मनात पाप आलं. घरी जाऊन ते आईला म्हणाले, "नवं नाटक मिळालंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे मी त्यात." फोटो हा शब्द त्यांनी गिळला. बायकोने स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांना घास जाईना. पण सिस्टर इतकी खूश झाली की तिने कपाटातली ठेवणीतली साडी इस्त्रीला दिली.

पहिला प्रयोग दुपारचा होता. सिस्टर काठी टेकत, सुनेचा हात धरून आली आणि पहिल्या रांगेत मधोमध बसली. दिवंगत विंगेतून बघत होते. पडदा उघडेल, आईला भिंतीवर फोटो दिसेल, मग तिला काय तोंड दाखवायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला.

नेपथ्यवाल्याच्या हातून फोटो पडला होता. चांगला कमरेपर्यंतचा, माणसाएवढा फोटो. काचेचा चुरा, आणि दिवंगत गळ्यापाशी टरकन फाटलेले. घंटा झालेली, सभागृह भरलेलं, आणि ज्याच्याभोवती तीन अंक फिरायचे तो बापच दोन तुकड्यांत. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दिग्दर्शकाने डोकं धरलं, मग हळूच वर बघितलं आणि त्याची नजर दिवंगतांवर थांबली.

"तुम्ही आहातच की," तो म्हणाला.

"मी?"

"भिंत पुठ्ठ्याची आहे. भोक पाडतो, फ्रेम ठोकतो, मागे स्टूल. तुम्ही नुसतं उभं राहायचं. हलायचं नाही."

कोणाला नाही म्हणणार? दिवंगतांनी कोट चढवला. स्टुलावर चढता चढता त्यांनी एकच विचारलं, "डावीकडे बघायचं ना? थोरल्याशी भांडण आहे."

पडदा उघडला. दिवंगत भिंतीवर होते, आणि इतके गेलेले होते की कोणाला संशयसुद्धा आला नाही. पापणी कमीत कमी लवायची, श्वास पोटात घ्यायचा. इतक्या वर्षांची कमाई कामी येत होती. अडचण एवढीच होती की बाकीच्या नटांना फोटोची सवय होती. नायिकाबाईंनी तालमीप्रमाणे ओलं फडकं घेतलं, "बघताय ना हो, तुमच्यामागे काय चाललंय!" म्हणत फोटो पुसायला घेतला, आणि नाकावर आल्यावर त्यांना आठवलं. पण आता थांबणार कसं? त्यांनी कानापर्यंत पुसलं. पाणी कॉलरमधून पाठीवर उतरलं, दिवंगत ढिम्म. दुसऱ्या अंकात धाकटा मुलगा दार आपटतो आणि फोटो वाकडा होतो, असं लिहिलेलं होतं. दार आपटलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग दिवंगत सावकाश, कमरेपासून, एका बाजूला कलले. थोरल्याने येऊन त्यांना कानाला धरून सरळ केलं. ते काम करणारा नट पुढे महिनाभर त्यांची माफी मागत होता.

प्रेक्षकांत फक्त एका व्यक्तीची खात्री पटली होती. पहिला अंक अर्ध्यावर आला तेव्हाच सिस्टर सुनेला म्हणाली, "श्वास घेतोय."

"आई, हळू."

"हळूच घेतोय. पण घेतोय."

मागचे लोक श्श-श्श करायला लागले. सिस्टर गप्प बसली, पण तिची नजर भिंतीवरून हलली नाही. दिवंगतांना ती डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती. तिकडे बघायची सोय नव्हती, भांडण डावीकडे होतं.

आणि शेवटचा प्रसंग आला. घर विकलं गेलंय. आई धाकट्याबरोबर निघाली आहे. थोरला एकटा उरतो, भिंतीवरून बापाचा फोटो उतरवतो, काखेत घेतो आणि घराबाहेर पडतो, पडदा. भोक पाडताना, फ्रेम ठोकताना, स्टूल शोधताना, इतक्या माणसांपैकी एकालाही हे आठवलं नव्हतं. सगळ्यांनी ते नाटक पाठ केलं होतं, आणि सगळे फोटो वर कसा चढवायचा एवढ्याच विवंचनेत होते. थोरल्याने "चला बाबा" म्हणून दोन्ही हात फ्रेमकडे नेले, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला पहिल्या रांगेलाही दिसला.

"काखेत कसे घेऊ?" तो ओठ न हलवता पुटपुटला.

फोटो बोलत नसतो. दिवंगत बोलले नाहीत. विंगेत दिग्दर्शक मटकन खाली बसला. थोरला तसाच हात वर करून उभा. शांतता वाढत गेली, आणि त्या शांततेत काठीचा आवाज आला. टक्. टक्.

सिस्टर उठली होती. सुनेचा हात झटकून ती कडेच्या पायऱ्या चढली, ठेवणीतली साडी एका हाताने वर धरून रंगमंच ओलांडून आली, थोरल्याला "सरक रे जरा" म्हणून बाजूला केलं आणि फ्रेमसमोर उभी राहिली. मनगट तिला मिळेना, ते भिंतीमागे होतं. तिने हात उंच करून दोन बोटं मुलाच्या जबड्याखाली टेकवली. छातीवर घड्याळ नव्हतं, पण सवयीने तिथे बघितलं. आणि मग वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकाला ऐकू जाई तो आवाज तिने लावला.

"आहे," ती म्हणाली. "आहे हा!"

दिवंगतांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. फोटो रडतोय हे बघून सभागृह हादरलं. त्यांनी एक पाय फ्रेमबाहेर टाकला, मग दुसरा; आईने हात दिला, आणि कोण कोणाला धरून उतरवतंय हे कळायच्या आत दोघं खाली उभी होती. थोरल्याला तेवढं भान राहिलं की त्याने रिकामी फ्रेम काढून काखेत घेतली. पडदा पडला तेव्हा दिवंगत उभे होते.

लोकांनी नाटक डोक्यावर घेतलं. एका टीकाकाराने लिहिलं की बापाला भिंतीवर टांगून आपण सगळे जगतो आणि हे नाटक त्याला खाली उतरवतं, वगैरे. दिग्दर्शकाने ते तीनदा वाचलं आणि आपल्याला हेच म्हणायचं होतं असं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. आता नवा फोटो कोणालाच नको होता. आणि मुख्य म्हणजे सिस्टर हवी होती.

"मी काही नटी नाही," सिस्टरने नाक मुरडलं.

"तुम्ही फक्त तपासायचं," दिग्दर्शक म्हणाला.

तेवढं ती करणार होती. तिने ते कधीच नाटक म्हणून केलं नाही. प्रत्येक प्रयोगाला ती पहिल्या रांगेत बसायची, तीन अंक काळजीने मुलाकडे बघायची, शेवटी उठायची, तपासायची. एकदा नाडी जरा जलद लागली म्हणून तिने भर रंगमंचावर विचारलं, "दुपारी काय खाल्लंस?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोज आपला मुलगा शेवटी उभा राहतो हे बघून ती तुकतुकीत दिसायला लागली. टीव्हीवर तो गेला तरी आता रडत नसे. "संध्याकाळी उतरवते त्याला," असं शेजारणीला सांगायची.

आणि मग एका सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. दिवंगतांनी तिचं मनगट धरलं. कसं धरायचं हे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं ते त्या बोटांच्या दुसऱ्या बाजूला होते. बराच वेळ धरून ठेवलं. मग बायकोने त्यांचा हात सोडवला.

काही दिवसांनी पुढचा प्रयोग होता. दिग्दर्शक घरी आला, टोपी हातात फिरवत बसला. म्हणाला, "म्हातारीचं काम करणारी एक बाई आहे. चांगली आहे."

"नको," दिवंगत म्हणाले.

दिग्दर्शकाने चमकून वर बघितलं. त्यांच्या तोंडून हा शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकला होता. "बरं," तो म्हणाला. "मग तुम्ही फोटोच राहा. थोरला नुसता निरोप घेईल, आणि पडदा. नवा फोटोही करून घेता येईल, तुम्हाला उभं राहायला नको." "उभा मीच राहतो," दिवंगत म्हणाले. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तेवढी रिकामी ठेवायला सांगितली.

प्रयोगाला गर्दी होती. शेवटी एक म्हातारी उठते हे लोकांनी ऐकलेलं होतं. तिसऱ्या अंकापासून माना उंचावून ते पहिल्या रांगेकडे बघत होते, आणि मधोमध रिकामी खुर्ची बघून कुजबुजत होते. दिवंगत डावीकडे बघत उभे होते. थोरला आला. "येतो बाबा," म्हणाला. वाकला. वळला. दाराकडे चालायला लागला. कोणी उठलं नाही. काठी वाजली नाही. दोरीवाल्याने पडद्याच्या दोरीला हात घातला.

आईने त्यांच्याजवळ आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती.

भिंतीमागून दिवंगतांचा हात वर आला. प्रेक्षकांत कोणीतरी दचकून ओरडलं. हात फ्रेममधून बाहेर आला आणि त्याची दोन बोटं त्यांच्याच जबड्याखाली टेकली. नाडी पटकन सापडेना. बोटं जरा खाली गेली, जरा मागे. आईला कधी शोधावी लागत नसे. थोरला दारात थबकला होता.

"आहे," दिवंगत म्हणाले. तिच्यासारखा आवाज काही त्यांना लागला नाही. पण अगदी मागच्या रांगेपर्यंत गेला. "आहे हा."

मग त्यांनी एक पाय फ्रेमबाहेर टाकला. हात द्यायला समोर कोणी नव्हतं. ते भिंतीला धरून, चाचपडत, बेताबेताने उतरले. ते स्टूल एवढं उंच आहे, हे त्यांना तोवर कळलंच नव्हतं.